जो मागत नाही, त्याचा नंबर शेवटी : तुम्ही दिवसाचा हिशोब कसा करता?

तिसरी_पाळी | शनिवार, रात्री १०.४५

नमस्कार मंडळी. भोसरीच्या एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, तीन जुनी लेथ, एक ड्रिल, ११ माणसं. पिना, बुश, स्पेसर असली टर्निंगची कामं करतो, त्यांवर झिंकचा मुलामा, म्हणजे प्लेटिंग, बाहेरून करून घेतो आणि माल एका मोठ्या कंपनीला देतो. या धंद्यात १७ वर्षं झाली.

दरवर्षी पाडव्याला आम्ही वहीपूजन करतो. हिशोब कधीचाच कॉम्प्युटरवर, टॅलीत गेलाय. पण आईच्या शब्दाखातर लाल कापडाची वही आणायची, पहिल्या पानावर 'श्री' काढायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि मग ती वही वर्षभर कपाटात कोरीच. गेल्या पाडव्याला मला ते खटकलं. पूजा केलेल्या वहीत आपण एक अक्षर लिहीत नाही, हे काही बरोबर नाही. तेव्हापासून रात्री शटर ओढायच्या आधी पाच मिनिटं बसतो आणि त्यात दोन-तीन ओळी लिहितो. पैशाचा हिशोब नाही. आज कोणाशी कसं बोललो, कोणाला काय शब्द दिला, कुठे मनाला टोचणी लागली, एवढंच.

पहिला महिना विशेष काही हाती लागलं नाही. 'ऑपरेटरवर सगळ्यांदेखत ओरडलो.' 'रिजेक्शनचं खापर रात्रपाळीवर फोडलं, ड्रॉइंग चुकीचं वाचलं होतं मी.' असं रोजचंच. मग एका रविवारी निवांत बसून मागची पानं चाळली, तर एक ओळ पुन्हा पुन्हा दिसायला लागली. 'प्लेटिंगवाल्या काकांना पुढच्या आठवड्यात देतो म्हणालो.' मोजली. सहा आठवड्यांत नऊ वेळा. आणि लिहिताना दर वेळी मला वाटलं होतं की हे आजच घडलंय.

सोमवारी टॅलीतून देण्यांची यादी काढली. स्टीलवाल्याचं जुन्यात जुनं बिल २१ दिवसांचं. इन्सर्टवाल्याचं, म्हणजे कटिंग टूलची पाती देणाऱ्याचं, ३० दिवसांचं. वीजबिल तारखेच्या आत. काकांचं बिल ९४ दिवसांचं, रक्कम ३८,४०० रुपये.

या तीन महिन्यांत खात्यात एवढे पैसे नव्हते असा एकही आठवडा गेला नाही. तरी मी ते दिले नाहीत. स्टीलवाला पैसे थांबले की बार थांबवतो. इन्सर्टवाला दिवसातून तीनदा फोन करतो. विजेचं बिल थकलं तर लाइन कापतात. काका काहीच करत नाहीत. ते येतात, ऑफिसच्या दाराशी चप्पल काढतात, अर्धा कप चहा घेतात, 'साहेब, बघा जमलं तर' म्हणतात आणि जातात.

त्यांची शेड माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. पत्र्याचं छप्पर, आत ॲसिडची टाकी, बाजूला झिंकचं बॅरल घरघर फिरतंय. आत गेलं की पहिल्या श्वासालाच घसा धरतो. काका आणि त्यांच्याकडची दोन माणसं त्यात दिवस काढतात. त्यांच्या बोटांची टोकं पॅसिव्हेशनच्या रासायनिक पाण्याने पिवळी पडली आहेत आणि चलनबुकाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर ती बोटं उमटलेली असतात. ही सगळी चलनं माझ्या फायलीत आहेत. इतकी वर्षं मी ती हाताळतोय.

माझ्या ऑफिसच्या भिंतीवर 'सचोटी हाच आमचा धर्म' अशी पाटी आहे. वडिलांनी लावलेली. मी स्वतःला सचोटीचा माणूस समजत आलो. खोटं बिल केलं नाही, कोणाचा माल बुडवला नाही. पण माझ्या देण्याचा क्रम भीतीवर चालतो, हे मला वही चाळेपर्यंत कळलं नव्हतं. जो मला त्रास देऊ शकतो त्याला आधी. जो देऊ शकत नाही त्याला शेवटी.

तुम्ही कोणी असं रोजचं काही करता का? लिहून, जप करताना, चालताना, कसंही. आणि त्यातून सापडलेल्या गोष्टीचं पुढे काय करता? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

---

रोखठोक | रविवार, सकाळी ७.२०

तळमळ पोचली. पण मी सरळ बोलतो, राग मानू नका. माझ्याकडे १८ माणसं आहेत, फॅब्रिकेशनचं काम. ७ तारखेला पगार, १५ ला पीएफ, २० ला जीएसटी. वरची पार्टी मला ९० दिवसांनी पैसे देते. जीएसटी मात्र मी बिल केलं त्याच महिन्याचा भरतो, पैसे आलेले असोत नसोत. अशात खालच्याला ३० दिवसांत कुठून द्यायचं? रात्री वही घेऊन बसलो तर मला फक्त ओव्हरड्राफ्टचा आकडा आठवतो. मूल्यं वगैरे ज्याच्या खात्यात शिल्लक आहे त्याने बोलायच्या गोष्टी आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

तिसरी_पाळी | रविवार, सकाळी ८.०५

राग कसला. ओढाताण माझीही तीच आहे. ९० नाही, पण ७५ दिवस मीही थांबतो. पैसे नसताना कोणाला कसं द्यायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी बोलतोय ते पैसे असताना कोणाला आधी दिले याबद्दल. २ लाख आले तर त्यातून पहिला चेक कोणाच्या नावाने फाडतो, एवढाच तो प्रश्न आहे. तो क्रम तुमच्याकडे कोण ठरवतं? माझ्याकडे फोनची रिंग ठरवत होती.

---

ताळेबंद | रविवार, दुपारी १२.३०

मी सीए आहे, म्हणून आधी कायद्याची बाजू सांगतो. तिसरी_पाळी, तुमच्या काकांची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, असेल तर हा नुसता मनाच्या टोचणीचा विषय राहत नाही.

२००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं, लेखी करार नसेल तर माल किंवा काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असेल तर करारातल्या मुदतीत द्यायचं असतं. करारात काहीही लिहा, ४५ दिवसांच्या पलीकडे जाता येत नाही. पुढे गेलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे व्याज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पातून आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी मिळतो. रिटर्न भरायच्या तारखेआधी देऊन टाकू, ही सवलत इथे लागू नाही.

प्लेटिंगसारखं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर केलेलं काम, यात येतं. निव्वळ व्यापारी, म्हणजे घेऊन विकणारे, यात येत नाहीत. माझ्याकडे येणारे कितीतरी कारखानदार मार्च जवळ आला की घाईघाईने छोट्यांची बिलं चुकती करतात. एप्रिल ते फेब्रुवारी त्या छोट्यांचं काय होतं, ते मी बघत असतो.

---

तिसरी_पाळी | रविवार, दुपारी १.१५

ताळेबंद, मनापासून आभार. कायद्याचं ओझरतं ऐकलं होतं, इतकं स्वच्छ माहीत नव्हतं.

तुमचं वाचून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. हा कायदा मलाही लागू आहे. माझी उद्यम नोंदणी आहे, कंपनी मला ७५ दिवसांनी देते. सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते हे मला ठाऊक आहे. मी कधी टाकली? नाही. कारण पुढच्या महिन्यापासून ऑर्डर येणार नाही. मग काका तरी माझ्याविरुद्ध का जातील? म्हणजे कायदा त्यांच्या बाजूने असूनही त्यांच्या हातात काही नाही. त्यांचं रक्षण करणं उरतं माझ्यावर. आणि मी ते ९४ दिवस केलं नाही.

---

कोपऱ्यावरचं_दुकान | रविवार, रात्री ९.४०

मी फलटणला किराणा दुकान चालवते. सासूबाईंचं दुकान, त्या गेल्यापासून मी बसते. वही लिहीत नाही, पण रात्री काटा पुसते, आणि माझा जो काही विचार होतो तो तेवढ्या वेळात.

ही सवय सासूबाईंची. पूर्वी पितळी पारड्यांचा तराजू होता, आता इलेक्ट्रॉनिक. वर्षाला वैधमापनवाल्यांकडून पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो, ते मी नेमाने करते. आपला काटा खरा आहे, एवढ्यावर मी समाधानी होते. पण गूळ मोजून झाल्यावर पारड्याला चुरा चिकटून राहतो. उन्हाळ्यात जास्तच. एकेका गिऱ्हाइकाचा चिमूटभरसुद्धा नसेल. रात्री खरवडला की मूठभर निघतो. मी तो सरळ आपल्या डब्यात टाकत असे. एकदा सासूबाईंची आठवण आली. त्या तो चुरा कधी घरात आणायच्या नाहीत, शाळेतून येणाऱ्या पोरांच्या हातावर ठेवायच्या. मला वाटायचं, लाड करतात. त्या रात्री काटा पुसताना उमगलं, की त्या गुळाचे पैसे गिऱ्हाइकाने आधीच दिलेले असायचे. तो आमचा नव्हताच.

आता मी गूळ कागदावर ठेवून, कागदाचं वजन वजा करून मोजते आणि कागदासकट बांधून देते.

दुसरी गोष्ट उधारीची. आमच्याकडे अजून वहीत उधारी चालते. महिन्याच्या शेवटी कोणी आलं की मी इथूनच मोठ्याने विचारायचे, 'ताई, मागचे साडेचारशे राहिलेत हं.' वसुलीला ते बरं पडतं. दुकानात चार माणसं असली की लाजेने पैसे लवकर निघतात. एक बाई होत्या, नवरा गेलेला, शिवणकाम करायच्या. त्या अचानक यायच्या बंद झाल्या. पैसे मुलाकडून पाठवून दिले, एक रुपया ठेवला नाही. पण त्या स्वतः पुन्हा आल्या नाहीत, दोन दुकानं ओलांडून पलीकडे जातात. रोज मला समोरून जाताना दिसतात. तेव्हापासून मी वही गिऱ्हाइकापुढे सरकवते आणि आकड्यावर बोट ठेवते. आवाज काढत नाही.

तिसरी_पाळी, तुमचे काका आणि माझ्या या ताई मला एकाच जातकुळीचे वाटले. न बोलता निघून जाणारे.

---

वैजू_पोळीभाजी | सोमवार, सकाळी ६.१०

धागा रात्रीच वाचला, झोप लागेना म्हणून पहाटे लिहिते. डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे, चार बायका हाताखाली. त्यांचे पैसे मी आठवड्याने द्यायचे, शनिवारी. मग कधी रविवार, कधी सोमवार.

सुरुवातीला मी लिज्जतबद्दल बरंच वाचलं होतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातली दुसरीच गोष्ट भावली होती. बाई घरून पापड लाटून आणते, ते तपासून घेतले की लाटणावळ हातात. ज्या बाईच्या घरी संध्याकाळची चूल तिच्या मजुरीवर पेटते, तिला शनिवारपर्यंत थांब म्हणणं म्हणजे काय, हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. मीही त्यांच्यातलीच, पण गादीवर बसले तशी विसरले. आजपासून रोजच्या रोज देणार आहे. इथे लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

---

उंबरठा | सोमवार, दुपारी ३.२०

मी नोकरी करत नाही, धंदाही नाही. घर सांभाळते. इथे लिहावं की नाही, दोनदा विचार केला.

'जो मागत नाही, त्याचा नंबर शेवटी' हे शीर्षक वाचून माझ्या पोटात कालवलं. मागच्या वर्षी सासऱ्यांचा गुडघा दुखायला लागला. त्यांचा स्वभाव असा, की दुखलं तर सगळ्या सोसायटीला कळतं. आठ दिवसांत डॉक्टर, एक्स-रे, फिजिओथेरपी, सगळं झालं. त्याच सुमारास सासूबाई मला म्हणाल्या होत्या, 'अगं, हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही.' मी म्हटलं, दाखवू या आपण. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. दोरा माझ्या मुलीकडून ओवून घ्यायला लागल्या. मग निवडलेल्या तांदळात खडे यायला लागले, तर मीच एकदा त्रासून म्हणाले, 'आई, नीट बघत जा ना.' तेव्हाही त्या गप्पच राहिल्या. दहा महिन्यांनी दाखवलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पार पिकलेला.

ऑपरेशन झालं, आता दिसतं छान. पण पट्टी काढली त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, 'स्वयंपाकघराच्या टाइल्स पांढऱ्या आहेत होय? मला वाटलं जुन्या झाल्या.' दहा महिने त्या माझ्याशेजारी उभ्या राहून पिवळ्या टाइल्स बघत होत्या.

मी त्या दहा महिन्यांत रोज सकाळी वीस मिनिटं ध्यान करत होते. एक दिवस चुकवला नाही.

---

मौनी | सोमवार, रात्री १०.०५

उंबरठा ताई, तुमचं शेवटचं वाक्य माझंच आहे असं वाटलं.

मी तीन वेळा इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलोय. पहिल्यांदा आलो तेव्हा मन इतकं शांत, की घरचे बघत राहिले. अकराव्या दिवशी दुकानात गेलो आणि दुपारी बारापर्यंत पोऱ्याला तीनदा झापलं. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. डोळे मिटून बसणं हा सराव आहे. खरी परीक्षा गल्ल्यावर होते.

तिथे गोयंका गुरुजींची प्रवचनं ऐकतात. ते स्वतः व्यापारी, जन्म ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. अर्धशिशीने बेजार होऊन १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले आणि १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं सुरू झाली. मला त्यांच्या गुरूंची गोष्ट फार जवळची वाटते. ऊ बा खिन संन्यासी नव्हते. ते सरकारी नोकरीत होते, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल. म्हणजे देशाचे हिशोब तपासणारा माणूस, आणि तो आपल्याच कार्यालयातल्या लोकांना ध्यान शिकवायचा. हिशोब आणि ध्यान ही दोन कामं त्यांनी वेगळी ठेवली नाहीत.

तिसरी_पाळी, तुम्ही वहीत जे करताय ते त्याच वाटेवरचं आहे. फक्त एक सांगतो. सापडलं की स्वतःला कोसत बसू नका. मी वर्षभर तेच केलं. मनातून अपराधी वाटत राहिलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि समोरच्याचे पैसे तिथेच राहतात.

---

थोरल्याचा_धाकटा | मंगळवार, सकाळी ११.००

माझी अडचण वेगळी आहे. धंदा मोठ्या भावाबरोबर भागीदारीत, छपाईचा. बाइंडिंगवाल्याचे पैसे वेळेवर देऊ म्हटलं की दादा म्हणतो, 'तुझं साधुपण तुझ्या घरी. धंदा दोघांचा आहे.' त्याचंही चुकत नाही, दोन मुलींची शिक्षणं त्याच्या डोक्यावर आहेत. मी काय करावं? माझ्या मूल्यांसाठी त्याच्या खिशात हात घालण्याचा मला अधिकार आहे का?

---

मधली_सुट्टी | मंगळवार, दुपारी ४.५०

शाळेत शिकवतो, धंद्यातलं कळत नाही. पण तुमचा प्रश्न वाचल्याबरोबर तुकोबा आठवले. भोसरीहून देहू काही लांब नाही, तिसरी_पाळी यांनाही पटावं.

तुकोबा वाण्याचा धंदा करणाऱ्या, सावकारी असलेल्या घरातले. दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गेला, धंदा बसला. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंपरेने सांगतात त्या गोष्टीतला एक बारकावा मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा, त्याच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी आधी त्याला दिली. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची.

मी हे वर्गात कितीदा सांगितलंय, पण तुमच्या प्रश्नाने त्याचा अर्थ आज नीट लागला. कान्होबाला संसार करायचा होता. त्याच्या वतीने वैरागी होण्याचा हक्क तुकोबांनी घेतला नाही. आणि त्याच्यासाठी आपलं विरक्तपणही अडवून ठेवलं नाही.

तुमचा वाटा किती आहे तो बघा. महिन्याची उचल तुमची तुम्हाला मिळत असेलच. बाइंडिंगवाल्याला त्यातून वेळेवर द्या, धंद्याचे पैसे आले की ते स्वतःकडे वळते करून घ्या. वाट बघायची ती तुम्ही बघा.

---

थोरल्याचा_धाकटा | मंगळवार, रात्री ८.३०

सर, हे सुचलंच नव्हतं. वाट बघायची ती मी बघायची. करतो.

---

ताळेबंद | मंगळवार, रात्री ९.१५

थोरल्याचा_धाकटा, तसं करणार असाल तर फर्मच्या वहीत तुमच्या नावाने नोंद नीट होऊ द्या, आणि रक्कम बँकेतूनच द्या, रोखीने नको. भावालाही आधी सांगा. चांगलं काम लपवून केलं की भागीदारीत तेच पुढे भांडणाचं कारण होतं. हे मी बघितलेलं आहे.

---

रोखठोक | बुधवार, सकाळी ७.००

तीन दिवस धागा वाचतोय. वही लिहिणं मला जमणार नाही, तो माझा पिंड नाही. पण रविवारच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. माझ्याकडेही क्रम फोनच ठरवतो. काल कॅशियरला सांगितलं, पगारानंतर पहिलं पेमेंट २५ हजारांच्या आतल्या सगळ्या बिलांचं. बेरीज काढली तर सगळी मिळून १ लाख १० हजार निघाली. मला वाटलं होतं, चारेक लाख असतील.

---

तिसरी_पाळी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ११.१०

उशिरा येतोय, पण सगळ्यांचं प्रत्येक अक्षर वाचलं आहे. कोपऱ्यावरचं_दुकान ताईंच्या गुळाची गोष्ट मी शॉपमध्ये सगळ्यांना सांगितली. आमच्या एका जुन्या टर्नरने लगेच विचारलं, 'साहेब, आपल्या बुरचं काय?' टर्निंगचा बुर, म्हणजे लेथवर निघणारा स्टीलचा कीस, आम्ही भंगारात विकतो आणि ते पैसे माझ्या खिशात जातात. स्टील माझं, त्यामुळे हिशोबाने ते बरोबरच. पण त्याने विचारलं ते बरं वाटलं. आता बुराच्या पैशातून महिन्यातून एकदा सगळ्यांचं जेवण असतं.

उंबरठा ताई, तुमच्या लिहिण्यावर मी मुद्दाम तेव्हा उत्तर दिलं नाही. ते वाचून घरात नजर फिरवली. माझी बायको रोज रात्री जेवणं झाल्यावर टॅलीत बिलं चढवते. बारा वर्षं झाली. प्लेटिंगवाल्या काकांचं ९४ दिवसांचं बिलही तिनेच चढवलेलं होतं. माझ्या पगारपत्रकावर ११ नावं आहेत, तिचं नाही. तिने कधी मागितलं नाही. या महिन्यापासून बारावं नाव तिचं. मी तिला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. हात थांबले, म्हणाली, 'किती?' मी म्हटलं, तू सांग. 'उद्या सांगते' म्हणाली. आज पाच दिवस झाले, अजून आकडा सांगितलेला नाही. मी रोज एकदा विचारतो.

आता काकांचं. धागा काढला त्याच्या पुढच्याच शुक्रवारी ३८,४०० रुपये एनईएफटी केले. त्यानंतर अजून एक बिल होतं १२ दिवसांचं, तेही त्यातच दिलं. म्हणजे खातं शून्यावर आलं. मला वाटलं होतं फोन येईल, आभार मानतील. मी त्या फोनची वाट बघत होतो, हे खरं सांगतो.

फोन आला संध्याकाळी सहाला. आवाज एकदम दबलेला. 'साहेब, मेसेज आला बँकेचा. सगळा हिशोब मिटवलात.' मी हो म्हटलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मालावर काही डाग आला का? थराचे मायक्रॉन कमी भरले का? सांगा, पुन्हा करून देतो. काम काढून नका घेऊ, साहेब.'

माझ्याकडून सतरा वर्षांत कधी पूर्ण पैसे एकदम आले नव्हते. आले, म्हणजे संबंध संपला, असाच त्यांनी अर्थ लावला.

मला फोनवर धड काही बोलता येईना. दुसऱ्या दिवशी नेहमी पोरगा टेम्पोतून माल घेऊन जातो, त्या दिवशी मी गेलो. चार क्रेट पिना होत्या. काका बॅरलपाशी होते, मला बघून हात पुसत आले. मी म्हटलं, काका, काम कुठेही जात नाही, बिल दर महिन्याच्या १० तारखेला मिळेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग क्रेटकडे बघितलं. आतल्या माणसाला बॅरल बंद करायला सांगितलं. घरघर थांबली तसे ते टेबलापाशी गेले, चलनबुक उघडलं, दोन पानांमध्ये कार्बन सरकवला आणि पेन हातात घेऊन विचारलं, 'नग किती?'